बॅच फाइलमधील विशेष चिन्हे कशी हाताळावीत

विंडोजवरील जुन्या बॅच फायली, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेल्या मजकूर फायली, अजूनही अनेक कार्यालयांत रोज रात्री बॅकअप घेतात, याद्या तयार करतात आणि फायली एका जागेहून दुसऱ्या जागी हलवतात. वर्षानुवर्षे त्या बिनतक्रार चालतात, आणि एके दिवशी कोणीतरी एखाद्या फोल्डरला 'खरेदी & विक्री' असे सरळ, अर्थपूर्ण नाव देते. मी सांभाळत असलेल्या एका स्क्रिप्टने अशाच नावाच्या फोल्डरचा बॅकअप कित्येक आठवडे घेतलाच नव्हता. चूक झाल्याचा संदेश रोज रात्री पडद्यावर येत होता, पण तो पाहायला त्या वेळी तिथे कोणी नसे. म्हणून विशेष चिन्हांचा प्रश्न मला केवळ टंकलेखनाच्या शिस्तीचा वाटत नाही. तो माहिती सुरक्षित राहण्याचा प्रश्न आहे.

या लेखातील नमुन्यांत कमांडची नावे, व्हेरिएबल (मूल्य साठवण्यासाठी दिलेली नावे) आणि अंक देवनागरीत लिहिले आहेत. फाइलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टंकावेत. चिन्हे मात्र जशी दिसतात तशीच आणि त्याच क्रमाने टंकायची आहेत.

बहुतेक लोक एखादे चिन्ह अडले की त्याच्या आधी कॅरेट (^) लावून पाहतात, ते जमले नाही तर दोन कॅरेट लावतात, आणि तरीही जमले नाही तर अवतरणचिन्हे घालतात. या चाचपडण्यातून उत्तर कधी सापडते, कधी नाही, आणि सापडले तरी पुढच्या ओळीला ते लागू पडत नाही. त्याऐवजी सीएमडी (बॅच फाइल वाचून चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) एक ओळ कोणत्या क्रमाने वाचतो हे एकदा समजून घ्यावे. सर्वांत आधी तो टक्केचिन्हांमधील व्हेरिएबलच्या जागी त्यांची मूल्ये घालतो. त्यानंतर &, |, <, >, कंस, अवतरणचिन्ह आणि कॅरेट यांचा अर्थ लावून ओळीचे तुकडे पाडतो. मग फॉर लूपमधील (तीच कमांड प्रत्येक फाइलसाठी किंवा ओळीसाठी पुन्हा चालवणाऱ्या रचनेतील) व्हेरिएबल भरतो, आणि डिलेड एक्सपान्शन (व्हेरिएबल उशिरा भरण्याची सोय) चालू असेल तर सर्वांत शेवटी उद्गारचिन्हांमधील व्हेरिएबल भरतो. कोणते चिन्ह कोणत्या टप्प्यावर वाचले जाते हे कळले, की त्यावरचा उपाय बहुधा आपोआप कळतो.

टक्केचिन्ह पहिल्याच टप्प्यात वाचले जात असल्यामुळे त्याच्यापुढे कॅरेट लावण्याचा उपयोग नाही. कॅरेटचा विचार होईपर्यंत टक्केचिन्ह संपलेले असते. अवतरणचिन्हेही त्याला वाचवत नाहीत. पुढील ओळ पाहा; एको ही पडद्यावर मजकूर छापणारी कमांड आहे.

    एको ठेवीवर ७% आणि कर्जावर ११% व्याज

बॅच फाइलमध्ये ही ओळ चालवली की पडद्यावर 'ठेवीवर ७ व्याज' एवढेच उमटते. दोन टक्केचिन्हांच्या मधला सगळा मजकूर सीएमडीने एका व्हेरिएबलचे नाव मानला, तसे व्हेरिएबल अस्तित्वात नसल्यामुळे त्याच्या जागी काहीच घातले नाही, आणि कोणतीही चूक दाखवली नाही. उपाय एकच आहे: टक्केचिन्ह दोनदा लिहावे.

    एको ठेवीवर ७%% आणि कर्जावर ११%% व्याज

येथे एक सावधगिरी बाळगावी. कमांड प्रॉम्प्टवर थेट टंकलेली ओळ आणि फाइलमधील ओळ यांचे नियम वेगळे आहेत. प्रॉम्प्टवर अज्ञात व्हेरिएबलचा मजकूर जसाच्या तसा ठेवला जातो, दोन टक्केचिन्हांचे एक होत नाही, आणि फॉर लूपच्या व्हेरिएबलपुढे एकच टक्केचिन्ह लागते. म्हणून प्रॉम्प्टवर चालून गेलेली ओळ फाइलमध्येही चालेल असे गृहीत धरू नये. चाचणी नेहमी फाइलमध्येच करावी.

मराठी संकेतस्थळांचे पत्ते बॅच फाइलमध्ये चिकटवणाऱ्यांना हाच नियम फार त्रास देतो. ब्राउझरमधून पत्ता उचलला की त्यातील देवनागरी अक्षरे टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात येतात. युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि प्रत्येक बाइटपुढे एक टक्केचिन्ह लागते. 'महाराष्ट्र' या शब्दात काना आणि हलन्त धरून १० चिन्हे आहेत, म्हणजे त्या एका शब्दासाठी ३० टक्केचिन्हे येतात. सीएमडी त्यांतील काहींच्या जोड्या लावून मधला मजकूर व्हेरिएबल समजून गाळतो, आणि जिथे टक्केचिन्हापाठोपाठ अंक येतो तिथे तो स्क्रिप्ट सुरू करताना तिला दिलेले मूल्य (पॅरामीटर) शोधतो. पत्त्यातील रिकाम्या जागेसाठी येणारे %२० हे रूप त्यामुळे 'दुसरा पॅरामीटर आणि त्यापुढे शून्य' असे वाचले जाते. अशा पत्त्यातील प्रत्येक टक्केचिन्ह दुप्पट करावे आणि संपूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत ठेवावा, कारण पत्त्यात बहुधा &ही असतो. स्टार्ट कमांड अवतरणचिन्हांतील पहिला मजकूर खिडकीचे शीर्षक समजते, म्हणून आधी रिकामी अवतरणचिन्हे द्यावी लागतात.

    स्टार्ट "" "पत्ता"

आता दुसरा टप्पा. & हे चिन्ह दोन कमांड वेगळ्या करते, त्यामुळे 'एको खरेदी & विक्री' या ओळीत आधी 'खरेदी' छापले जाते आणि मग 'विक्री' नावाची कमांड शोधली जाते. त्यापुढे कॅरेट लावले की ते साधे अक्षर ठरते.

    एको खरेदी ^& विक्री

दुहेरी अवतरणचिन्हांतही & सुरक्षित राहते, पण एको कमांड ती अवतरणचिन्हेही छापते; म्हणूनच छापायच्या मजकुरासाठी कॅरेट आणि फायलींच्या नावांसाठी अवतरणचिन्हे, असा साधा विभाग करावा. दोन्ही एकत्र वापरू नयेत, कारण अवतरणचिन्हांच्या आत कॅरेट हे साधे अक्षर असते आणि ते तसेच छापले जाते. अवतरणचिन्हाचा स्वभाव दिव्याच्या बटणासारखा आहे: एकदा आले की संरक्षण चालू, पुन्हा आले की बंद. हार्डवेअरच्या दुकानाच्या यादीत '३" पाइप' असे लिहिले, तर त्या एकट्या अवतरणचिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळा मजकूर संरक्षित होतो, आणि पुढे & देऊन लिहिलेली दुसरी कमांड चालत नाही. अशा वेळी अवतरणचिन्हापुढेच कॅरेट लावावे.

    एको ३^" पाइप ^& नळ

कॅरेट ओळीच्या अगदी शेवटी आले तर पुढची ओळ याच ओळीला जोडली जाते, हेही लक्षात ठेवावे. एमएस-डॉस या जुन्या प्रणालीतील कमांड डॉट कॉम या सीएमडीसारख्याच प्रोग्राममध्ये कॅरेटची ही सोयच नव्हती. विंडोजमध्ये ती १९९३ साली विंडोज एनटीच्या सीएमडीबरोबर आली. डॉसच्या काळातील फाइल हाती आली आणि तिच्यात कॅरेट आढळले, तर ते बहुधा साधे अक्षर म्हणूनच लिहिलेले असते.

खरी अडचण व्हेरिएबलपासून सुरू होते. व्हेरिएबलला मूल्य देताना अवतरणचिन्हे नावाच्या आधीपासून सुरू करावीत.

    सेट "गट=खरेदी & विक्री"

या पद्धतीत अवतरणचिन्हे मूल्याचा भाग होत नाहीत, & सुरक्षित राहते, आणि ओळीच्या शेवटी नकळत राहिलेली मोकळी जागा मूल्यात शिरत नाही. मला विचाराल तर संपूर्ण लेखातील एवढी एकच सवय लावून घेतली तरी निम्मे दोष नाहीसे होतील. परंतु मूल्य बरोबर साठवले तरी ते वापरताना पुन्हा धोका असतो. 'एको %गट%' असे लिहिले की पहिल्या टप्प्यात मूल्य ओळीत येते आणि दुसऱ्या टप्प्यात त्यातील & कमांड तोडते, जणू ते आपणच तिथे टंकले होते. सेट /पी वापरून माणसाकडून नाव विचारणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे विशेष गंभीर आहे, कारण नावाच्या जागी कोणी & आणि त्यापुढे फायली पुसण्याची कमांड टंकली, तर स्क्रिप्ट ती निमूटपणे चालवेल.

यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे डिलेड एक्सपान्शन.

    सेटलोकल एनेबलडिलेडएक्सपान्शन
    सेट /पी "नाव=नाव लिहा: "
    एको !नाव!

उद्गारचिन्हांमधील व्हेरिएबल शेवटच्या टप्प्यात भरले जाते. तोवर ओळीचे तुकडे पडून झालेले असतात, त्यामुळे मूल्यात &, |, >, कंस किंवा अवतरणचिन्ह काहीही असले तरी त्याला विशेष अर्थ उरत नाही. मात्र या सोयीची किंमत अशी, की आता उद्गारचिन्ह स्वतःच विशेष चिन्ह होते. 'एको चला!' यातील उद्गारचिन्ह गळून पडते. ते हवे असेल तर अवतरणचिन्हांबाहेर ^^! असे आणि आत ^! असे लिहावे, बाहेर दोन कॅरेट लागतात, कारण एक कॅरेट दुसऱ्या टप्प्यात खर्ची पडते आणि उरलेले शेवटच्या टप्प्यात उपयोगी येते.

ही किंमत फॉर लूपमध्ये सर्वांत जास्त मोजावी लागते. लूपचे व्हेरिएबल डिलेड एक्सपान्शनच्या आधी भरले जाते, म्हणून फाइलचे नाव 'तातडीचे!' असे असेल तर त्यातील उद्गारचिन्ह नाहीसे होते आणि स्क्रिप्ट अस्तित्वात नसलेली फाइल शोधत बसते. त्यासाठी लूपमध्ये शिरताना डिलेड एक्सपान्शन बंद ठेवावे, नाव आधी साध्या व्हेरिएबलमध्ये घ्यावे, आणि मगच ते चालू करावे.

    सेटलोकल डिसेबलडिलेडएक्सपान्शन
    फॉर %%ए इन (*.*) डू (
        सेट "फाइल=%%ए"
        सेटलोकल एनेबलडिलेडएक्सपान्शन
        एको !फाइल!
        एंडलोकल
    )

प्रत्येक सेटलोकल बंद करणारे शेवटचे एंडलोकल विसरू नये. सेटलोकल एकात एक ३२ पातळ्यांपर्यंतच चालते, त्यामुळे मोजक्या फायलींवर व्यवस्थित चाललेली स्क्रिप्ट मोठ्या फोल्डरमध्ये मध्येच थांबते. फॉर /एफ वापरून मजकुराची फाइल वाचत असाल, तर रिकाम्या ओळी आणि अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळी तो मुळात वाचतच नाही, हेही ध्यानात ठेवावे. अर्धविरामाच्या ओळी हव्या असतील तर ईओएल या पर्यायात असे चिन्ह द्यावे, जे ओळीच्या आरंभी कधीच येणार नाही.

कंसांचा दोष बहुतेकांना ६४-बिट विंडोजवर भेटतो. तेथे 'प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)' हे फोल्डर असते आणि त्याचा उल्लेख पाथमध्येही (प्रोग्राम जिथे शोधायचे त्या फोल्डरांची यादी असलेल्या व्हेरिएबलमध्येही) येतो. इफ या अट तपासणाऱ्या कमांडच्या कंसांमध्ये 'सेट पाथ=%पाथ%;सी:\साधने' असे लिहिले, की मूल्यातील बंद कंसच इफचा कंस बंद करतो आणि स्क्रिप्ट एका अनाकलनीय संदेशासह थांबते. वर सांगितलेली अवतरणचिन्हांची सवय येथेही पुरेशी आहे.

    सेट "पाथ=%पाथ%;सी:\साधने"

अशा कंसांच्या आत एकोने बंद कंस छापायचा असेल तर तो ^) असा लिहावा.

पाइप (|), म्हणजे एका कमांडचा मजकूर दुसरीकडे देणारे चिन्ह, वापरताना दोन्ही बाजूंच्या कमांड स्वतंत्र सीएमडीत चालतात, म्हणजे ओळ दोनदा वाचली जाते. म्हणून पहिल्या वाचनानंतर ^& उरेल अशी तजवीज करावी लागते.

    एको खरेदी ^^^& विक्री | सॉर्ट

फाइलमध्ये मजकूर वळवताना वेगळाच सापळा असतो. 'एको गट २>यादी.टीएक्सटी' या ओळीत मोकळ्या जागेनंतरचा आणि > ला चिकटलेला अंक मजकुराचा भाग राहत नाही. तो प्रवाहाचा (मजकूर बाहेर पडण्याच्या मार्गाचा) क्रमांक ठरतो, आणि दोन हा क्रमांक चुकांच्या प्रवाहाचा आहे. 'गट' पडद्यावर छापले जाते आणि फाइल रिकामी राहते. वळवण्याचा भाग ओळीच्या आरंभी नेला की प्रश्न मिटतो.

    >यादी.टीएक्सटी एको गट २

उपकार्यक्रम चालवणारी कॉल कमांड टक्केचिन्हांचे वाचन पुन्हा एकदा करते आणि अवतरणचिन्हांतील कॅरेट दुप्पट करते. उपकार्यक्रमाला अवघड मूल्य द्यायचे असेल तर मूल्य देऊच नये, व्हेरिएबलचे नाव द्यावे, आणि आत डिलेड एक्सपान्शन चालू ठेवून ते वाचावे.

    कॉल :छापा गट

    :छापा
    सेट "मूल्य=!%~१!"

फाइलमध्ये प्रत्यक्ष देवनागरी मजकूर लिहायचा असेल तर कोडपेजचाही (कोणती अक्षरे दाखवता येतील ते ठरवणाऱ्या तक्त्याचाही) विचार करावा लागतो. ४३७ किंवा ८५० या जुन्या कोडपेजमध्ये देवनागरीचे एकही अक्षर नाही. म्हणून फाइल युटीएफ-८ मध्ये जतन करावी आणि एको ऑफनंतर (कमांड पडद्यावर दाखवणे बंद करणाऱ्या ओळीनंतर) लगेच पुढील ओळ द्यावी.

    सीएचसीपी ६५००१ >नल

जतन करताना बीओएम (फाइलच्या आरंभी येणारी युनिकोडची अदृश्य खूण) नसलेला पर्याय निवडावा. बीओएमचे तीन बाइट पहिल्या कमांडला चिकटतात, ती ओळखली जात नाही, आणि एको बंद न झाल्यामुळे पुढची प्रत्येक ओळ पडद्यावर दिसू लागते.

तसे पाहिले तर एको चालू ठेवणे हेच दोष शोधण्याचे उत्तम साधन आहे. पडद्यावर दिसणारी ओळ टक्केचिन्हे भरल्यानंतरची आणि कॅरेट गळाल्यानंतरची, पण उद्गारचिन्हे भरण्याआधीची असते. त्यामुळे चिन्ह कोणत्या टप्प्यावर हरवले ते थेट दिसते. स्क्रिप्ट कामाला लावण्यापूर्वी चाचणीसाठी एक वेगळे फोल्डर करावे. विंडोज फाइलच्या नावात <, >, | आणि अवतरणचिन्ह येऊ देत नाही, पण &, %, !, ^, कंस आणि अर्धविराम येऊ देते. या सहांपैकी प्रत्येकाची एक अशा फायली त्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, आणखी एका फाइलच्या नावात ती सर्व चिन्हे एकत्र घ्यावीत, आणि स्क्रिप्टने सातही फायली बिनचूक नावांनी उचलल्या आहेत का ते मोजून पाहावे.