सोशल हाऊसिंगची वसाहत कशी बघायची

सोशल हाऊसिंगची, म्हणजे सरकारने किंवा महापालिकेने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधलेली वसाहत बघायला गेलात किंवा नुसता तिचा प्लॅन हातात आला तरी बाहेरचे फोटो काढत बसू नका, आधी रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत माणूस कसा पोचतो आणि वाटेत त्याला कोण कोण भेटतं ते शोधा. ती बांधली त्या काळी शेजार म्हणजे काय समजायचे ते तिथेच कळतं.

व्हिएन्नाचं कार्ल मार्क्स होफ घ्या. 1930 चं, किलोमीटरभर लांब, जवळपास 1400 घरं. जिन्यांची दारं आतल्या चौकात, म्हणजे घरी जायचं तर चौकातूनच. मग लॉन्ड्री, न्हाणीघरं, बालवाडी कुठे ठेवलीत ते बघा. घरं छोटी पण कॉमन सोयी भरपूर, कारण तिथल्या महापालिकेला कामगारांना नुसतं छप्पर द्यायचं नव्हतं.

लांब गॅलरी दिसली की तिची रुंदी बघा, आणि ती पुढे कुठे जाते हेही. इंग्लंडमधल्या शेफील्डचं पार्क हिल 1961 साली पूर्ण झालं, तिथे गॅलरी इतकी रुंद की दूधवाल्याची गाडी दारापर्यंत यायची, आणि टेकडीच्या उतारामुळे वरच्या बाजूला बऱ्याच गॅलऱ्या थेट जमिनीला लागतात, जुन्या गल्ल्यांची नावंही त्यांना दिली होती. याउलट अमेरिकेतल्या सेंट लुईसचं प्रुइट-आयगो, 11 मजली 33 इमारती, लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची म्हणजे लोक गॅलरीत भेटतील असा हिशोब होता, पण ती गॅलरी रस्त्याला कुठेच जोडलेली नव्हती. 1972 ला पाडायला सुरुवात झाली.

इथे घाई करून सगळं आर्किटेक्टच्या माथी मारू नका प्लीज, मला हे फार खटकतं. देखभालीचा पैसा कुठून यायचा ते विचारा. प्रुइट-आयगोत तो भाडेकरूंच्या भाड्यातून यायचा, आणि शहरातूनच माणसं निघून जात होती, मग लिफ्ट दुरुस्त कशातून होणार?

शेवटी नंतर काय बदललं ते बघा. चिलीत इकिकेला किंटा मोनरॉयमध्ये 2004 साली 93 कुटुंबांना मुद्दाम अर्धंच घर बांधून दिलं, उरलेलं ज्याने त्याने वाढवायचं, आणि सगळी घरं चार चौकांभोवती. फ्रान्समधल्या बोर्दोत तर 530 जुने फ्लॅट पाडलेच नाहीत, लोक आत राहत असतानाच बाहेरून काचेची गॅलरी जोडली. अशा ठिकाणी सुरुवातीचा आणि आत्ताचा फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, राहणाऱ्यांनी काय वाढवलं ते लगेच दिसतं.