निवडणूक संपली तरी गट तसेच: गाव पुन्हा जोडताना या चुका टाळा

ग्रामपंचायतीची निवडणूक विधानसभेपेक्षा जास्त जिव्हारी लागते. समोरचा उमेदवार चुलतभाऊ असतो, नाहीतर बांधाला बांध लागून असलेला शेजारी. छोट्या वॉर्डात कोणाचं मत कुठे गेलं याचा अंदाज सगळ्यांनाच असतो. निकालाच्या दिवशी गुलाल कोणाच्या दारात मुद्दाम उधळला, डीजे कोणाच्या घरापुढे थांबला, हे पुढची पाच वर्षं विसरलं जात नाही. मग जत्रेच्या कमिट्या दोन होतात, वर्गणी दोनदा मागितली जाते आणि मयतीलाही माणसं गट बघून जातात. हे सांधायला निघणाऱ्यांची तळमळ खरी असते. तरीही काही ठराविक चुका होतात आणि दरी आणखी रुंदावते.

बिनविरोध म्हणजे एकी, असं धरून चालणं

सर्वात मोठी चूक हीच. सगळ्या वस्त्यांशी बोलून, सर्वांच्या संमतीने निवडणूक टळली तर चांगलंच. पण बऱ्याचदा दोन-चार वजनदार माणसं बसून नावं ठरवतात आणि बाकीच्यांना ‘गावासाठी’ अर्ज मागे घ्यायला लावतात. काही ठिकाणी तर पदांचा लिलाव झाला. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने याच कारणाने रद्द केल्या. उलट त्याच महिन्यात आदर्श गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिवरे बाजारला तब्बल तीस वर्षांनी मतदान झालं. गावाचा कायापालट घडवणाऱ्या पोपटराव पवारांचं पॅनल निवडून आलं आणि गावाचं काम थांबलं नाही. मतदानाने गाव फुटत नाही. ज्याला अर्ज मागे घ्यायला लावलं, त्याच्या मनात ते साचत जातं. म्हणून बिनविरोधची बोलणी करायचीच असतील तर ती उघड्यावर करा, आणि ज्यांच्या घरातून आजवर कोणी सदस्य झालं नाही त्यांना आधी बोलू द्या.

आधी स्नेहभोजन, नंतर हिशोब

दोन्ही गटांना एका पंगतीला बसवलं, फोटो काढला, हार घातले, की काम झाल्यासारखं वाटतं. पण समोरच्याच्या मनातला प्रश्न साधा असतो: पाणीपुरवठ्याच्या कामाचे पैसे कुठे गेले? त्याचं उत्तर मिळेपर्यंत हात जोडले जातील, मन जोडलं जाणार नाही. वित्त आयोगाचा निधी किती आला, कोणत्या कामावर किती खर्च झाला, ठेकेदार कोण, हे फलकावर लावा. विरोधी गटातल्या दोघांना बिलं पाहायला बसवा. जेवण त्यानंतर.

‘त्या वॉर्डाने मतं दिली नाहीत’

हे वाक्य कोणी उघड बोलत नाही, पण बंद पडलेला पथदिवा ते बोलून दाखवतो. घरकुलाची यादी, नळाची जोडणी, पाणंद रस्ता यांत डावललं गेल्याची भावना एकदा बसली की पुढचं प्रत्येक काम संशयाने पाहिलं जातं. यावर उपाय एकच: नावं येण्याआधी निकष ठरवा. कोणता रस्ता आधी, हे पावसाळ्यात किती घरं अडकतात यावरून ठरेल, असा ठराव आधी करा; यादी मागाहून.

ग्रामसभा कागदावर उरकणं

कायद्याने ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढे नाही जमले की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग दहा-बारा जणांत ठराव होतात, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. अविश्वासाचं मूळ बऱ्याच गावांत इथे आहे. सकाळी अकराला मजूर रानात असतात, त्यांनी यायचं कसं? संध्याकाळची वेळ ठेवा, दवंडी प्रत्येक वस्तीत द्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे, ती खरोखर घ्या, कारण तिथे गटापेक्षा पाणी आणि दारू हे विषय आधी निघतात. आणि सभा संपण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीचा ग्रामसेवक) इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने याहून पुढचं पाऊल टाकलं. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. आणि विषय समजून घेण्यासाठी अभ्यास गट वेगळा बसतो. प्रत्येक गावाला एवढं जमणार नाही. पण वादाचा विषय एका बैठकीत फक्त समजून घ्यायचा आणि निर्णय पुढच्या बैठकीत करायचा, एवढं कुठेही जमेल.

मध्यस्थ चुकीचा निवडणं

गावातले वाद गावातच समितीमार्फत मिटवायचे म्हणून 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, कल्पना उत्तम होती. मात्र अनेक गावांत समितीचं अध्यक्षपद हाच नवा तंटा ठरला. मध्यस्थी करणारा पुढच्या निवडणुकीत उभा राहणारा नसावा. निवृत्त शिक्षिका, दोन्ही घरांत ऊठबस असलेली एखादी वडीलधारी आजी, अशी माणसं चालतात. पहिलं बोलणं चारचौघांत नको. पारावर कोणी माघार घेत नाही.

गाडं अडलं तर

सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, ही अडचण सरपंच थेट लोकांच्या मतांनी निवडला जात असल्यामुळे वारंवार येते. अविश्वास ठरावाची गणितं मांडण्यात वर्षं जातात. त्याऐवजी ज्याला कोणाचाच विरोध नाही असं एक काम धरा: स्मशानभूमीचं शेड, शाळेची भिंत. देखरेखीला दोन्ही गटांचा एकेक माणूस ठेवा.

दुसरा गट बैठकीला येतच नसेल तर निरोप पाठवू नका, स्वतः त्यांच्या वस्तीत जाऊन बैठक घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर आरोप झाला तर तिथे उत्तर देत बसू नका. कागद घेऊन त्याच्या घरी जा आणि ‘दादा, हे बघा’ म्हणून दाखवा.

हे सगळं निकालानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच सुरू करा. शेवटच्या वर्षात कोणाच्या दारात गेलात तर लोक तो प्रचारच समजतात.