वाळूत घालायच्या आधी: हवा, लिव्हर, बटण

घर माणगंगेच्या अलीकडं, डाळिंबाची बाग पलीकडं. पुलावरून जायचं तर अकरा किलोमीटरचा फेरा, पात्रातून गेलं तर सातशे-आठशे फूट वाळू. त्यामुळं तीस वर्षं झाली, वाळूत गाडी घालणं हे माझ्या रोजच्या कामातलंच काम. आमची ही नदी साताऱ्याच्या माण तालुक्यात उगवते, म्हसवडवरून आमच्या आटपाडी तालुक्यात शिरते आणि पुढं सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. वर्षातले बरेच महिने तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त.

गेल्या फेब्रुवारीत पुतण्या पुण्याहून नवी स्कॉर्पिओ-एन घेऊन आला. डिझेल, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी. "तात्या, हिच्यात सँड मोड आहे. तुमच्यासारखं लिव्हर ओढत बसायला नको." मोड लावला, गाडी पात्रात घातली आणि ती मधोमध बसली. म्हैस डबक्यात बसते तशी, निवांत. पडद्यावर मोडचं नाव झगमगतच होतं. मोडचा यात काही दोष नव्हता. टायरांत पंपावर भरलेली पस्तीस पीएसआयची हवा होती, आणि त्या हवेवर जगातला कुठलाच मोड आमच्या वाळूत चालत नाही. ती गाडी आम्ही ट्रॅक्टर न बोलावता काढली. कशी ते पुढं सांगतो, पण आधी क्रम पाठ करा: पहिली हवा, मग लिव्हर, बटणं सगळ्यांत शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

हवेचं गणित आमच्या आबांना गाडी नसतानाही माहीत होतं. लोखंडी धावेची बैलगाडी वाळूत आसापर्यंत रुतायची आणि तेवढंच ओझं घेऊन डनलॉपची गाडी त्याच वाटेनं निघून जायची. बैल तेच. टायरातली हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो. रुंदीपेक्षा लांबी जास्त वाढते, रणगाड्याच्या पट्ट्यासारखी. वजन जास्त जागेवर वाटलं गेलं की चाक खाली जायचं सोडून वर तरंगतं.

माझी थार जुनी, सीआरडीई डिझेल इंजिनाची. डांबरीवर मी तीस ठेवतो. पात्रात उतरायच्या आधी चारही चाकं अठरावर आणतो. चैत्र-वैशाखात, वाळू पिठासारखी सुकलेली असली की पंधरा. रुतलोच तर बाहेर निघेपर्यंत बारा, पण बारावर स्टिअरिंग झटक्यात वळवायचं नाही, टायर रिममधून निसटतो आणि मग खरी पंचाईत. मागं डाळिंबाचे वीस-वीस किलोचे पंधरा क्रेट असतील तर मागची चाकं बावीसच्या खाली नेत नाही. हे आकडे माझ्या गाडीचे, माझ्या टायरांचे. तुमची गाडी जड असेल किंवा टायर बुटक्या काठाचे असतील तर दोन-तीन पॉइंट वर राहा. मीटर मात्र स्वतःचं ठेवा. लाथ मारून हवा ओळखणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच होतो, आणि मीटर घेतल्यावर कळलं की माझा पाय सात-आठ पॉइंटांनी खोटं बोलतो.

एक लक्षात ठेवा, तापलेल्या टायरात आकडा जास्त दिसतो. लांबून आला असाल तर दहा मिनिटं थांबून मोजा. व्हॉल्व्हच्या टोप्या खिशात घाला, बोनेटवर ठेवू नका.

आता लिव्हर. टू हाय म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना, फोर हाय म्हणजे चारही चाकांना नेहमीच्या वेगानं, आणि फोर लो म्हणजे चारही चाकांना, हळू पण जास्त ताकदीनं. आत जायच्या आधी एकदा चालत जाऊन या, कारण कुठला गिअर टाकायचा ते वाळूच सांगते. टाच दाबून बघायची. टाच बोटभर जात असेल, वाळू गडद आणि ओलसर असेल तर फोर हाय पुरे. घोट्यापर्यंत पाय जात असेल तर फोर हायनं जायचं, पण मनात फोर लो तयार ठेवायचा. पहाटेची वाळू दवानं आवळलेली असते, दुपारी तीच वाळू भुसभुशीत होते. सकाळी गेलेल्या वाटेनं दुपारी परत येताना अडकलेले लोक मी स्वतः ओढलेत. वरून कोरडी पापडी आणि खाली चिखल, हा प्रकार सगळ्यांत वाईट. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी सोडून बंद झालं की आमच्याकडं काही दिवस असंच असतं. तिथं पहार खुपसून बघायची. पहार आपल्या वजनानं आत गेली तर अकरा किलोमीटरचा फेरा घ्यायचा, मुकाट्यानं. आणि चोरून वाळू उपसलेले खड्डे. त्यांच्या काठाची वाळू वरून सपाट दिसते आणि चाक आलं की ढासळते. अंधारात हेडलाइटला ते दिसतच नाहीत, म्हणून रात्री मी पात्रात जात नाही.

फोर हाय आणि फोर लो यात लोकांचा गोंधळ होतो. "वाळू म्हणजे अवघड, म्हणून लो," असं वाटतं. सपाट, लांब वाळूत लागतो तो वेग. जास्त नाही, पण न तुटणारा. फोर हाय, दुसरा गिअर, जमलं तर तिसरा, आणि इंजिन मध्यम फिरतं ठेवायचं. फोर लोमध्ये पहिला टाकून पाय दिला तर चाकाला इतकी ताकद मिळते की ते पुढं जायच्या आधी विहीर खणतं. मग फोर लो कशाला? काठाची दरड चढायला, उतरायला, आणि रुतलेली गाडी हळू काढायला. तेव्हासुद्धा लोमध्ये दुसरा, कधी तिसरा. चढताना, काढताना पहिल्याला मी हातच लावत नाही. उतारावर मात्र लोचा पहिला-दुसरा टाकून इंजिनालाच गाडी धरू द्यायची. ब्रेक दाबला की पुढची चाकं वाळूचा ढीग लोटतात आणि गाडीचं ढुंगण बाजूला यायला बघतं.

गिअर बदलायचा तर काठावरच. वाळूत क्लच दाबला की गाडी जागेवर थांबल्यासारखी होते, पुढचा गिअर पडेपर्यंत वेग मेलेला असतो. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर टाकून दुसऱ्यावर धरा, नाहीतर ती मध्येच वरचा गिअर घेऊन मोकळी होते. टू हायमधून फोर हाय बऱ्याच गाड्यांत चालता चालता पडतो, पण सरळ चालीत आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागायच्या आधी टाका. फोर लोला गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये घ्यायची. जुन्या जीपगाड्यांत काहींना पुढच्या चाकांचे हब खाली उतरून हातानं फिरवायला लागतात. ते विसरलात तर लिव्हर फोरमध्ये आणि गाडी टूमध्ये.

डांबरीवर फोर हाय ठेवू नका. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ अशा गाड्यांत पुढचा आणि मागचा आस एकमेकाला घट्ट जोडला जातो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी. वाळूत तो फरक चाक घसरून निघून जातो, डांबरीवर तो आत साठतो. एकदा मी दिघंचीच्या रस्त्याला लागलो तो तसाच. दोन-तीन वळणांत स्टिअरिंग जड झालं आणि लिव्हर निघेना. मी ओढतोय, शेजारी बसलेला मेव्हणा सल्ले देतोय. शेवटी सरळ रेषेत दहा फूट मागं घेतली आणि लिव्हर कटकन सुटली. अडकली तर हाच उपाय, जोर लावू नका.

आता बटणं. ट्रॅक्शन कंट्रोल बनलंय पावसातल्या डांबरीसाठी. चाक फिरलं की ते इंजिनाचा जोर कापतं. वाळूत चाक थोडं फिरणारच, फिरायलाच पाहिजे. यंत्र घाबरून जोर कापतं, वेग जातो आणि गाडी बसते. म्हणून मऊ वाळूत शिरायच्या आधी ते बंद करा. पुष्कळ गाड्यांत बटण नुसतं दाबलं तर एक गोष्ट बंद होते आणि काही सेकंद धरून ठेवलं तर दुसरी. आपल्या गाडीचं पुस्तक एकदा घरी बसून वाचा, पात्रात वाचायला वेळ नसतो. सँड मोड असेल तर हे काम तो बऱ्यापैकी स्वतः करतो: इंजिन लवकर उठतं, गिअर खाली धरला जातो, चाकाला जरा मोकळं सोडलं जातं. पुतण्याच्या गाडीत शेजारीच मड अँड रट्स आहे, तो चिखलाचा. नाव बघून निवडा.

उलटी बाजूही आहे. एक चाक उचललं जाऊन नुसतं हवेत फिरत असेल तर त्याला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडं पाठवणारी यंत्रणा कामाची असते. ती बऱ्याच गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलं तरी चालू राहते. तिला हळू, सारखा पाय द्यावा लागतो. लांबच्या वाळूत तिच्यावर भरवसा ठेवला तर ब्रेक तापतात.

डिफरन्शियल लॉक, म्हणजे एका आसाची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप, असेल तर त्याचा प्रकार ओळखा. माझ्या थारच्या मागच्या आसात आपोआप लागणारा आहे. दोन चाकांच्या फिरण्यात फरक पडला की आत 'कट्' असा आवाज येतो आणि दोन्ही चाकं एकत्र ओढतात. नवखा माणूस त्या आवाजाला दचकून पाय काढतो आणि लॉक सुटतो. पाय तसाच ठेवायचा. फोर्सच्या गुरखा गाडीत पुढं-मागं दोन्हीकडं आपल्या हातानं लावायचे लॉक आहेत. मागचा आधी लावा, तोही वाळूत शिरायच्या आधी. पुढचा लावला की स्टिअरिंग ऐकत नाही, म्हणून तो फक्त सरळ निघण्यापुरता. ग्रँड व्हिटारासारख्या गाडीत ऑटो, लॉक असे मोड असतील तर लॉक आधीच लावा. ऑटो चाक फिरल्यावर जागा होतो, तोवर उशीर होतो. अशा गाड्यांचा आतला क्लच तापतो. इशारा आला तर थांबून निवू द्या. लो गिअर नसलेली गाडी घेऊन माझ्या वाटेनं येऊ नका, एवढंच म्हणेन.

सगळं बरोबर करूनही एखाद दिवशी गाडी बसतेच. चाक फिरतंय आणि गाडी पुढं सरकत नाही, हे कळलं त्या क्षणी पाय काढायचा. आणखी दोन सेकंद रेस केली की आस टेकतो. बहुतेक वेळा आपल्याच चाकोरीतून सरळ मागं येता येतं, कारण ती वाळू दाबलेली असते.

पुतण्याची गाडी आस टेकेपर्यंत गेली होती. त्याला म्हटलं, "आधी खाली उतर, एसी बंद कर." हवा सोळावर आणली. खोऱ्यानं चाकांच्या मागची वाळू उतार करून काढली, आसाखालचीही, कारण पोट टेकलेलं असलं तर चाकांना जोर कितीही द्या, वजन त्यांच्यावर नसतंच. मागच्या चाकांखाली भिजवलेली गोणपाटं घातली. ट्रॅक्शन कंट्रोल बंद, फोर लो, रिव्हर्स, स्टिअरिंग एकदम सरळ, आणि पाय इतका हलका की गाडी स्वतःहून निघतेय असं वाटावं. दुसऱ्या दमात निघाली. गोणपाटं कोरडी असली तर चाक ती मागं फेकतं, म्हणून भिजवायची. शेजारी उसाचं पाचट भरपूर असतं आणि मीही एकदा तेच घातलं होतं. ते गाडीखालच्या फिरत्या प्रोपेलर शाफ्टला गुंडाळलं, सायलेन्सरला चिकटलं आणि धूर निघायला लागला. दोन घागरी पाणी मारून विझवलं. पाचट नको, कडबा नको.

ओढून काढायची वेळ आली तर दोर चेसिसच्या हुकाला बांधा. ट्रॉलीच्या गोळ्याला कधीच नको, तो तुटला की गोळीसारखा येतो. दोर ताणलेला असताना बघ्यांना दोराच्या दुप्पट लांब उभं करा. ते ऐकत नाहीत, तरी करा.

कोकणात उतरून किनाऱ्यावर गाडी पळवायचा बेत असेल तर तो मनातून काढा. पोलीस गुन्हे नोंदवतात, भरती कुणासाठी थांबत नाही, आणि वेळास, आंजर्ले, गुहागरला कासवं त्याच वाळूत अंडी घालतात. आमच्याकडं वाट म्हणून वाळू ओलांडावी लागते, तुम्हाला तिथं ओलांडायचं काय असतं?

पलीकडच्या काठावर आलात की आधी टू हाय, मग बटणं परत चालू, मग हवा. अठराच्या हवेवर चाळीसच्या वर पळवलं तर टायरचा काठ आतून तापून फाटतो. माझा छोटा कंप्रेसर चार चाकांना पंधरा-वीस मिनिटं घेतो. तो थेट बॅटरीला चिमट्यांनी लावतो, सिगारेटच्या सॉकेटला लावला तेव्हा फ्यूज गेला होता. तेवढ्या वेळात बागेतला गडी चहा आणतो. निघताना रिकाम्या रस्त्यावर दोन-तीनदा ब्रेक मारून बघा. ड्रममध्ये वाळू गेली असेल तर खरखर ऐकू येते. संध्याकाळी घरी आलात की पाइप लावून चाकांच्या आतून धुवा. टोप्या खिशातच राहिल्या असतील, त्या लावा.