आधी व्याख्यान, मग सहल : इंदूरच्या बागप्रेमी मंडळाचं वर्ष

सहल होऊन आठ दिवस झाले की मंडळातल्या कुणालाही विचारा, काय बघितलंत? ‘बाग छान होती, पोहे मस्त होते’ एवढंच उत्तर आलं तर आखणी चुकली असं समजा. काय बघायचं हे आधी ठाऊक नसलं की माणूस रोपवाटिकेत जाऊन फक्त खरेदी करतो. म्हणून इंदूरच्या किंवा आसपासच्या गावातल्या मंडळाने व्याख्यान आणि सहलीची जोडी लावावी. आधी पाहुण्यांचं बोलणं, दोन-तीन आठवड्यांनी त्याच विषयाची सहल, आणि पुढच्या महिनाभरात प्रत्येकाने घरी करायचं एक काम. वर्षाला अशा चार जोड्या पुष्कळ झाल्या.

तारीख ठरवताना रविवार नंतर बघा, हंगाम आधी. माळव्यात पाऊस साधारण जूनच्या उत्तरार्धात येतो आणि सप्टेंबरअखेरीस ओसरतो. पेरूची गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) आणि आंब्याचं कलम हवेत ओल असताना, जुलै-ऑगस्टात धरतं. म्हणजे कलमं बांधणारा पाहुणा जुलैतच हवा, तो दिवाळीनंतर मिळाला तर उपयोग नाही. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्याला आणि छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी फूल. तेव्हा प्रात्यक्षिक ऑक्टोबरात आणि सभासदांच्या गच्चीवरचे गुलाब बघायला जाणं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ही गच्च्यांची फेरी सगळ्यात स्वस्त आणि खरं तर सगळ्यात शिकवणारी सहल: एका सकाळी तीन घरं, प्रत्येकी ४० मिनिटं, चहा फक्त शेवटच्या घरी. एप्रिल-मेमध्ये सहल काढूच नये. संध्याकाळचं व्याख्यान ठेवावं.

<b>पहिली जोडी खताची</b>

हा विषय इंदूरच्या घरचाच आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकरांवर ती संस्था उभी राहिली आणि आज त्या आवारात कृषी महाविद्यालय आहे. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून जे कंपोस्ट शिकवतात ते इथे बसवलं गेलं. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचं नाव आहे. मराठी मंडळात एवढं तरी सांगायलाच हवं.

व्याख्यानाच्याच दिवशी ढीग रचायला घ्या, म्हणजे पुढचं वेळापत्रक आपोआप ठरतं. मूळ खड्डे ३० बाय १४ फुटांचे होते. मंडळाला एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तेवढाच उंच ढीग पुरतो. याहून लहान ढीग तापत नाही, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरी बादलीएवढा ढीग करून लोक तक्रार घेऊन येतात. पावसाळ्यात काळ्या मातीत खड्डा करू नका. पाणी झिरपत नाही, खड्ड्याचं डबकं होतं. तेव्हा जमिनीवर, विटांच्या तुकड्यांच्या थरावर रचा. सुका पाला आणि हिरवा कचरा मिसळून १५ सेंटिमीटरचा थर, त्यावर शेणाचा काला, वर मूठ-दोन मुठी माती आणि थोडी लाकडाची राख. असे सहा-सात थर. ओल तपासायची ती हाताने: मूठभर माल घट्ट दाबला तर बोटांत ओलावा जाणवावा, धार लागू नये.

पालटणी, म्हणजे ढीग खालीवर करणं, तीनदा: १५ दिवसांनी, मग महिना झाल्यावर आणि दोन महिने झाल्यावर. तीन महिन्यांत खत तयार. पहिली पालटणी हीच तुमची सहल. ढिगात आधी एक लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि सगळ्यांसमोर दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर ढीग चालू आहे. सळई गार निघाली तर बहुधा माल कोरडा आहे. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर शेण किंवा हिरवा पाला जास्त झाला, सुकी पानं मिसळा. गटारासारखा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी, लगेच पालटा. या चार खुणा सभासदाने स्वतः हुंगून, हात लावून बघितल्या की पुढे त्याला वहीची गरज पडत नाही. दुपारनंतर कृषी महाविद्यालय बघायचं असेल तर अधिष्ठात्यांच्या नावे हिंदीत पत्र तीन आठवडे आधी द्या. पत्रात तारीख, माणसांची संख्या, काय बघायचं आहे आणि एकाच माणसाचा फोन नंबर हवा. दोन दिवस आधी पुन्हा फोन करा. सुट्टीच्या दिवशी फाटक उघडं असतं पण दाखवणारा कुणी नसतो, म्हणून अशी सहल कामाच्या दिवशीच काढावी.

<b>गाडी, पैसे, पोहे</b>

१७ सीटची टेम्पो ट्रॅव्हलर हे बरोबर माप आहे. २० माणसांपुढे बोलणाऱ्याचा आवाज मागे पोचत नाही आणि मागची चार जणं आपापल्या गप्पा काढतात. भाड्याचा भागाकार १७ ने करू नका, १४ ने करा. आदल्या रात्री दोघा-तिघांना ताप येतोच. पैसे नाव देतानाच घ्या. जागेची पाहणी आठवडाभर आधी, आणि सहलीच्याच वेळेला करा: सावली कुठे पडते, स्वच्छतागृह उघडं असतं का, गाडी कुठे उभी राहील. पावसानंतर काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नये, चाक रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. चपला नकोत, बूट आणि एक जादा मोज्यांचा जोड. पोहे-जलेबीचा थांबा १५ मिनिटांचा धरतात आणि ४० मिनिटं जातात. सरळ ४० धरा, नाहीतर निघायच्या आधी घरीच खायला सांगा (कुणी ऐकणार नाही).

<b>मांडू, झाडांसाठी</b>

इंदूरहून धारमार्गे मांडू सुमारे १०० किलोमीटर. सगळे रूपमती मंडप बघून येतात; बागप्रेमींनी गोरखचिंच (बाओबाब) बघायला जावं. मूळचं आफ्रिकेतलं हे झाड, मांडूत त्याला खुरासानी इमली म्हणतात. हिवाळ्यात पानं झडलेली असतात, तेव्हा खोडाचा घेर आणि लोंबणारी फळं दिसतात. जुलैत हाताच्या पंजासारखी पानं आणि पांढरी मोठी फुलं. फूल रात्री उमलतं, सकाळी उशिरा पोचलात तर झाडाखाली पडलेली, तपकिरी झालेलीच सापडतील. श्रावणातल्या रविवारी मात्र जाऊ नका, घाटात गाड्यांची रांग लागते.

प्रत्येक दोघांना एक मोजपट्टी द्या आणि जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायला सांगा. आपल्याकडे घेर मोजायची ठरलेली उंची हीच आहे. झाड उतारावर असेल तर वरच्या बाजूने उंची धरा. रोपटं ओळखायला लावा: लहान गोरखचिंचेचं पान साधं, एकच असतं, पंजा नंतर फुटतो, त्यामुळे जाणकारही फसतात. सालीवर नाव कोरणं, साल किंवा रोप घेऊन येणं बंद. फळ हवं तर रस्त्याकडेला विकायला बसलेल्यांकडून घ्या, बी त्यातच मिळेल. जुन्या वास्तूंच्या कमानींना आग्या मोहोळ असू शकतं. त्या दिवशी अत्तर लावू नये, कमानीखाली दंगा नको.

<b>पाहुण्यांना बोलावताना</b>

‘गुलाबाची निगा’ असा विषय दिलात तर तासभर ऐकून हाती काही लागत नाही. ‘ऑक्टोबरच्या छाटणीत कोणती फांदी ठेवायची’ असा प्रश्न द्या. फोनवर पाहुण्यांना चार गोष्टी सांगा: माणसं किती, कुंड्या की जमीन, पाणी नर्मदेच्या नळाचं की बोअरचं, आणि सभासद मराठी असले तरी तुम्ही हिंदीत बोललात तर चालेल. ३० मिनिटं बोलणं, ३० मिनिटं हातकाम, ३० मिनिटं प्रश्न. मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च आधीच बोलून घ्या, पाकीट कार्यक्रम संपताच द्या. खतं-औषधं विकणाऱ्या वक्त्याला बोलवायला हरकत नाही, पण विक्रीचं टेबल दाराबाहेर, आणि तेही शेवटी.

हिंदी-मराठी नावांची गल्लत मोठी होते. वक्ते गिलकी म्हणतात तेव्हा ते घोसाळ्याबद्दल बोलत असतात, तुरई म्हणजे आपला दोडका. गुड़हल म्हणजे जास्वंद, चांदनी म्हणजे तगर, पीली कनेर म्हणजे बिट्टी. फळ्यावर तीन रकाने आखा: मराठी, हिंदी, शास्त्रीय नाव. एकीला लिहायला बसवा.

चाकूचं काम तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही. खुर्च्या घोड्याच्या नालेच्या आकारात मांडा, किंवा दोन टेबलं करून अर्ध्या अर्ध्या गटाला दाखवायला सांगा. छाटणीत बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप. तीही तिथेच बनवा: १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात, गार झाल्यावर एकत्र. चाकूचं लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशीचं टाकून द्यायचं.

आजारी पानं आणायला सांगा, पण बंद पिशवीत, नाहीतर एकीच्या झाडावरची पिठ्या ढेकूण ही कीड दहा घरी जाते. पिशवीसोबत चिठ्ठी: कुंडीचा आकार, ऊन किती तास, पाणी किती दिवसांनी, शेवटचं खत कधी. चिठ्ठी नसलेल्या पानावर उत्तर द्यायला पाहुण्यांना भाग पाडू नये. उत्तर त्याच चिठ्ठीच्या मागे लिहा आणि चिठ्ठ्या चिटणिसाने ठेवून घ्याव्यात. पुढच्या सभेची पहिली १५ मिनिटं त्याच चिठ्ठ्या वाचायला: सांगितलं ते केलं का, पान सुधारलं का.

रोपवाटिकेची सहल असेल तर खरेदी सगळ्यात शेवटी, गाडीत मोकळे क्रेट ठेवून. रोप घेण्याआधी पिशवी थोडी सैल करून मूळ बघा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक कृमी) आहेत, रोप तिथेच ठेवा. घरी आणलेलं रोपही बाकी कुंड्यांपासून १५ दिवस लांब.