चेंबरची मेंबरशिप घेताय? आधी सर्टिफिकेटचा घोळ समजून घ्या

सोलापुरात आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, माग वडील बघतात आणि एक्स्पोर्ट माझ्याकडे. दोन देशांतला व्यापार वाढावा म्हणून काम करणाऱ्या एका चेंबरचा (व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचा) मी काही वर्षांपासून मेंबर आहे. आयईसी (आयात-निर्यातीसाठीचा सरकारी नंबर), एडी कोड (कस्टम्सकडे नोंदवायचा आपल्या बँकेचा कोड), एक्स्पोर्ट कौन्सिलची आरसीएमसी (नोंदणी आणि मेंबरशिपचं सर्टिफिकेट) हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. पण मेंबरशिप घ्यावी का असं विचारणारे जे फोन येतात, त्यातले बहुतेकजण मी जिथे आपटलो तिथेच निघालेले असतात म्हणून लिहायला बसलो.

भारत-यूएई व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू झाला. आमच्या दुबईच्या खरेदीदाराने मेल केला की सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशात बनला याचा दाखला) पाठवा म्हणजे इथली 5 टक्के ड्युटी, म्हणजे आयात शुल्क, वाचेल. मी म्हटलं सोपंय, चेंबर देतंच की, मेंबरला तर स्वस्तात. काढलं, शिक्का मारून घेतला, पाठवून दिलं. कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात पोचला आणि तिथे ते चाललंच नाही. त्याने ड्युटी भरली आणि आमच्या बिलातून कापून घेतली. टॉवेलमध्ये मार्जिन किती असतं ते धंद्यातल्यांना माहितीये, त्या शिपमेंटला हातात काही उरलं नाही आणि वडिलांना सांगताना माझी मान वर होत नव्हती.

तर नीट वाचा. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन दोन प्रकारचं असतं. एक नॉन-प्रेफरेन्शियल, म्हणजे माल भारतात बनलाय एवढंच सांगणारं, ते चेंबर देतं. दुसरं प्रेफरेन्शियल, ते कराराखाली सवलत मिळवून देतं आणि ते सरकारने त्या करारासाठी नेमलेली एजन्सीच देऊ शकते, अर्ज डीजीएफटीच्या (केंद्र सरकारचं परकीय व्यापाराचं खातं) पोर्टलवर ऑनलाइन. नाव जवळपास एकच, काम पूर्ण वेगळं!! पहिलं कितीही मोठ्या चेंबरचं असलं तरी ड्युटी एक रुपयाने कमी होत नाही. आणि यूएईचं वेगळं, ऑस्ट्रेलियाचं वेगळं, प्रत्येक कराराचे नियम वेगळे. प्रेफरेन्शियलसाठी माल इथलाच आहे हे सिद्ध करावं लागतं, सूत कुठलं, रंग-केमिकल कुठलं, त्याचा खर्च किती, एफओबी किंमत (माल जहाजावर चढेपर्यंतची) किती, म्हणून कॉस्ट शीट आधीच तयार ठेवा. एचएस कोडही (कस्टम्ससाठी प्रत्येक मालाला असलेला नंबर) जुळवून घ्या, कॉटनच्या टेरी टॉवेलचा 6302 60, पहिले सहा अंक जगभर सारखे पण पुढचे देशागणिक बदलतात, त्यामुळे खरेदीदाराला त्याच्याकडचा पूर्ण कोड विचारा. अर्ज माल निघायच्या आधीच टाका.

चेंबरने मला फसवलं नाही, त्यांनी त्यांचं द्यायचं तेच दिलं, मीच विचारलं नाही.

मग मेंबरशिप कशाला? मी अजूनही दरवर्षी फी भरतो आणि मनापासून भरतो. पहिल्या महायुद्धानंतर 1919 साली इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स उभं राहिलं ते व्यापार चालू राहिला तर देश एकमेकांशी बोलत राहतील या विश्वासावर, आणि आपण इनव्हॉइसवर एफओबी, सीआयएफ लिहितो ते इन्कोटर्म्सही (कुठपर्यंतचा खर्च आणि जोखीम कोणाची ते ठरवणाऱ्या अटी) त्यांचेच, 1936 पासूनचे. करार व्हायच्या आधी सरकार चेंबरना विचारतं की कुठल्या मालावर ड्युटी टोचते, आणि तेव्हा चेंबर मेंबरांना फॉर्म पाठवतं. तो फॉर्म भरा. छोट्या युनिटवाल्यांनी भरला नाही तर मोठ्यांचंच म्हणणं पुढे जातं. डिनर आणि फोटोंपेक्षा कस्टम्सच्या कमिटीची मीटिंग गाठा, चहा-बिस्किटावर दहा माणसं असतात पण खरं काम तिथे चालतं.

एक स्पष्ट सांगतो, मेंबरशिप प्लस खरेदीदारांची लिस्ट असं पॅकेज विकणाऱ्या कन्सल्टंटच्या नादी लागू नका. गुरू करायचाच तर स्टेजवर बोलणारा नको, रोज शिपिंग बिल (एक्स्पोर्टसाठी कस्टम्सकडे द्यायचा फॉर्म) भरणारा करा. मला हे सगळं न्हावा शेवाच्या एका कस्टम ब्रोकरकडच्या काकांनी फोनवर अर्ध्या तासात समजावलं, पैसे न घेता.

आणि घाबरू नका, एका शिपमेंटने धंदा बुडत नाही. तो दुबईवाला आजही आमच्याकडूनच माल घेतो, पुढच्या वेळी बरोबर सर्टिफिकेट गेल्यावर त्याने स्वतः फोन केला. फक्त फी भरायच्या आधी चेंबरला विचारून घ्या की वर्ष कधी संपतं, आमच्याकडे मार्चला संपतं आणि मी पहिल्यांदा जानेवारीत पूर्ण फी भरून बसलो होतो.