आजींना पुन्हा चालवायला घेण्याआधी

खुब्याचं ऑपरेशन होऊन आजी वृद्धाश्रमात परतल्या की सगळ्यांना त्यांना उभं करायची घाई होते. आधी डॉक्टरांचा कागद वाचा. त्या पायावर पूर्ण भार द्यायचा, अर्धा, की मुळीच नाही, हे लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. अंदाजाने चालवू नका.

चष्मा, औषधं, पाणी ठाऊकच आहे. वॉकरची मूठ, हात सरळ सोडल्यावर मनगटापाशी यायला हवी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. गावात सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि पटवून द्यायला आठवडा जातो.

आता रबर. वॉकरच्या चारही पायांची रबरं उलटी करून तळ बघा. वरून धड दिसतात, पण खाली झिजून नळीचं लोखंड फरशीला लागलेलं असतं. मागच्या खेपेला आमचं हेच राहिलं आणि आजी मोरीच्या दारात घसरल्या. उन्हाळ्यात कुलरचं पाणी गळून फरशी ओलीच असते, तिथे झिजलेलं रबर म्हणजे दुसरा खुबा. नवं आणायला जाताना जुनं सोबत न्या, नळीच्या मापाचंच घ्या. सैल बसलं तर निघून पडतं.

बाजेवरून उठवू नका. ती झोळ खाते, गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठताच येत नाही. टणक पलंग द्या. पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवा, मग उभं करा. मे महिन्यात पारा 45 वर, अंगातलं पाणी कमी, त्यात रक्तदाबाची गोळी, म्हणून उठताच चक्कर येते. उभं राहिल्यावर रक्तदाबाचा वरचा आकडा 20 ने उतरला तर परत झोपवा आणि डॉक्टरांना कळवा. चालणं सकाळी सातच्या आत.

काखेत हात घालून ओढायचं नाही, लकव्याच्या पेशंटचा तर खांदाच निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. लुगड्याचा घोळ वर खोचा.

वॉकर घ्यायचा असेल तर 65 वर्षांवरच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 3000 रुपये मिळतात, अटी बघून अर्ज भरा. त्यातच रबराचा जास्तीचा संच घ्या.

पुढे थोडं चालवा, बसवा, पुन्हा चालवा. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा. झोपूनच असतील तर दर दोन तासांनी कूस बदला. दर सोमवारी रबर बघा, चारही.