कुटुंबाच्या सुट्टीसाठी महिना निवडताना या चुका टाळा

‘श्रीलंकेला कधी जावं?’ या प्रश्नाला कुणी एकाच महिन्याचं नाव घेतलं, तर ते उत्तर अर्धवट आहे. त्या छोट्याशा बेटावर वर्षातून दोन वेगवेगळे मोसमी पाऊस येतात. मे ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्येचा पाऊस गॉल, बेन्टोटा, मिरिसाच्या किनाऱ्यावर पडतो. त्याच दिवसांत पूर्वेकडे त्रिंकोमालीला समुद्र शांत असतो आणि आकाश मोकळं असतं. डिसेंबर-जानेवारीत याच्या बरोबर उलट होतं. त्यामुळे जुलैत गेलेलं एक कुटुंब खोलीत पत्ते खेळत बसतं आणि दुसरं दिवसभर पाण्यात असतं. ठरवताना दोघांनीही ‘श्रीलंका, जुलै’ एवढंच ठरवलेलं असतं.

घरच्यांसोबतच्या सहलीचा विचका बहुतेक वेळा ठिकाणामुळे होत नाही, चुकीच्या वेळेमुळे होतो. ‘बेस्ट सीझन’ म्हणून जो महिना सगळीकडे सांगितला जातो, तो कुणातरी सरासरी प्रवाशासाठी असतो. त्या प्रवाशाबरोबर चार वर्षांचं मूल नसतं, गुडघे दुखणारी आजी नसते आणि त्याला शाळेच्या सुट्टीचं बंधनही नसतं. आपल्या घरासाठी योग्य वेळ कोणती, हे आपल्यालाच काढावं लागतं. ते अवघड नाही, पण काही चुका नेमक्या तिथेच होतात.

आधी ठिकाण, मग महिना

फोटो बघून ठिकाण ठरतं. मग तिथला चांगला हंगाम शोधला जातो आणि शेवटी तो मुलांच्या सुट्टीत कसाबसा बसवला जातो. हा क्रमच उलटा आहे. शाळकरी मुलं असलेल्या घरात तारखा जवळजवळ ठरलेल्या असतात, हलवता येतं ते ठिकाण. म्हणून पहिला प्रश्न असा हवा: आपल्याला मिळालेल्या या पंधरा दिवसांत जगात कुठे चांगलं असतं?

असं विचारलं की भलतेच पर्याय समोर येतात. मुलांना बर्फ बघायचाय आणि सुट्टी जुलैत आहे? दक्षिण गोलार्धात तेव्हा ऐन हिवाळा असतो, न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनजवळच्या डोंगरांवर स्कीइंग चालू असतं. नोव्हेंबरमध्ये थायलंडला समुद्रात डुंबायचंय? त्या वेळी पूर्वेकडच्या को सामुईला पावसाचा जोर असतो, तर पश्चिमेकडे फुकेतचा पाऊस ओसरत आलेला असतो. देश तोच, विमान मात्र वेगळ्या विमानतळावर उतरायला हवं.

त्याच्या लगेच पुढचा प्रश्न म्हणजे तिथे जाऊन करायचं काय. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जूनमध्ये जाणं हा अप्रतिम अनुभव आहे. साधारण २० मे ते २२ जुलै तिथे सूर्य मावळतच नाही, मध्यरात्री डोंगर चढता येतो. पण मुलांना ‘नॉर्दर्न लाइट्स’, म्हणजे रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशपट्टे, दाखवायचं कबूल केलं असेल, तर त्याच जूनमध्ये आकाश इतकं उजळलेलं असतं की काहीही दिसणार नाही. त्यासाठी सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर हा काळ हवा. कशासाठी जायचं हे ठरल्याशिवाय महिना चांगला की वाईट, याला अर्थच नाही.

सरासरी तापमानावर भिस्त

बहुतेक लोक इथे फसतात, म्हणून जरा थांबून बघू.

हवामानाच्या तक्त्यात एखाद्या महिन्यापुढे ‘१८ अंश’ लिहिलेलं दिसतं आणि आपण हलके कपडे भरतो. पण तो आकडा दिवस-रात्रीची सरासरी असतो. वाळवंटात किंवा उंचावरच्या कोरड्या प्रदेशात तो दुपारच्या २७ आणि पहाटेच्या ९ अंशांचा मध्य असू शकतो. समुद्रकाठी तोच १८ चा आकडा दुपारी २१ आणि रात्री १५ असा निघतो. म्हणून सरासरी सोडून द्या आणि दोन आकडे बघा: दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान. किमान तापमानाकडे कुणी बघत नाही. लहान मुलांची झोप मात्र त्याच्यावरच अवलंबून असते. दुबईत ऑगस्टमध्ये रात्रीचं किमान तापमानही ३० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे ‘संध्याकाळी बाहेर पडू’ हा बेतही फारसा कामाचा नाही.

पावसाचंही तसंच आहे. मिलिमीटरचा आकडा एकटा काही सांगत नाही. रोममध्ये वर्षभरात लंडनपेक्षा जास्त पाऊस पडतो, पण पावसाचे दिवस लंडनमध्ये जास्त असतात. रोमचा पाऊस कोसळतो आणि थांबतो, लंडनचा भुरभुरत राहतो. सहलीच्या दृष्टीने महिन्यात किती दिवस पाऊस पडतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पडतो, या दोन गोष्टी महत्त्वाच्या. विषुववृत्ताजवळच्या अनेक ठिकाणी सकाळ लखलखीत जाते आणि दुपारनंतर तास-दीड तास मुसळधार पडून आकाश पुन्हा मोकळं होतं. अशा जागी ‘पावसाळी’ महिनाही मुलांसोबत मजेत घालवता येतो: सकाळी भटकायचं, पावसात झोप काढायची, संध्याकाळी पुन्हा बाहेर. पण चार-चार दिवस सलग झड लागते तिथे हा उपाय चालत नाही.

दमटपणा हा तिसरा रकाना. ३४ अंशांची कोरडी हवा आणि ३१ अंशांची दमट हवा यांत दुसरी जास्त त्रास देते, कारण घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. वयस्कर माणसांना आणि तान्ह्या बाळांना याचा त्रास सगळ्यांत आधी होतो.

आणि समुद्र. हवा तापली म्हणजे पाणीही तापलं, असं आपण गृहीत धरतो. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे समुद्र हवेच्या महिना-दोन महिने मागे असतो. बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर मेमध्ये ऊन सुरेख असतं, पण पाणी साधारण १८ अंशांचं. मुलं धावत जातात, पाय घालतात आणि दातखीळ बसून परत येतात. सप्टेंबरमध्ये ऊन सौम्य झालेलं असतं, पण पाणी २३ अंशांच्या आसपास टिकून असतं. पोहायला जायचं असेल तर हवेचं तापमान दुय्यम, समुद्राच्या पाण्याचं तापमान वेगळं शोधून बघा. ते सहज मिळतं.

एक बारीक गोष्ट: महिना हा एकजिनसी तुकडा नसतो. केरळात मोसमी पाऊस साधारण १ जूनला पोहोचतो. त्यामुळे मेचा पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा हे तिथे दोन वेगळे ऋतू आहेत. तक्ता मात्र दोन्हींना ‘मे’ म्हणतो. हंगाम बदलण्याच्या महिन्यात जाणार असाल तर दहा-दहा दिवसांचा हिशेब करा.

घरातल्या सगळ्यांत नाजूक माणसाला विसरणं

लडाखचं उदाहरण घेऊ. जुलै-ऑगस्टमध्ये लेहचं हवामान छान असतं, दिवसा साधारण २५ अंश. हिमालयाच्या पलीकडे असल्याने पाऊसही फारसा नाही. कागदावर सगळं जुळतं. पण लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. सकाळी विमानाने उतरलेलं कुटुंब उत्साहात दुपारी बाजारात जातं, एखादा मठ चढून येतं. संध्याकाळी आजोबांचं डोकं ठणकू लागतं, धाकटीला उलट्या होतात आणि तिला नेमकं काय होतंय ते सांगता येत नाही. ऋतू अगदी योग्य होता. सहा दिवसांच्या सुट्टीत पहिले दोन दिवस नुसत्या विश्रांतीला लागतात, हे धरलंच नव्हतं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोज रात्रीच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम आहे. सुट्टी लहान असेल तर उंचावरचं ठिकाण हंगाम कितीही चांगला असला तरी पुढच्या वेळेसाठी ठेवा. हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असलेलं कुणी सोबत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच तिकिटं काढा.

व्याघ्र प्रकल्पांचंही असंच. मध्य भारतात वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मेमध्ये सगळ्यांत जास्त, कारण झाडी विरळ होते आणि प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्यासाठी हा बेस्ट सीझन. पण चाळिशी ओलांडलेल्या तापमानात उघड्या जिप्सीत तीन-चार तास बसणं पाच वर्षांच्या मुलाला झेपत नाही. तासाभरात त्याला वाघाशी काही देणंघेणं उरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वाघ दिसण्याची शक्यता कमी असते, पण जंगल हिरवं असतं, पक्षी भरपूर असतात आणि मूल जागं, आनंदी असतं. लहान मुलं असतील तर मी डोळे झाकून हिवाळा सुचवेन, फक्त पहाटेच्या थंडीसाठी कानटोप्या आणि पांघरूण सोबत घ्या.

दिवस किती तासांचा?

हे बघायचं राहूनच जातं. डिसेंबरमध्ये लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो, आइसलंडच्या रेक्याविकला जेमतेम चार तास उजेड मिळतो. सकाळी मुलांना आंघोळ, नाश्ता, कपडे करून बाहेर पडेपर्यंत अर्धा दिवस संपलेला असतो. उलट उत्तरेकडच्या उन्हाळ्यात रात्री दहालाही उजेड असल्याने मुलं झोपायला तयार होत नाहीत. जाड पडदे असलेली खोली मागून घ्या.

ऑफ-सीझन म्हणजे फक्त स्वस्ताई, असं समजणं

ऑफ-सीझन वाईट नसतो. मला स्वतःला हंगामाच्या कडेचे आठवडे सगळ्यांत जास्त आवडतात, गर्दी ओसरते आणि माणसं निवांत बोलतात. पण दर कमी का आहेत, हे शोधल्याशिवाय पैसे भरू नका. कधी कारण फक्त शाळा सुरू होणं एवढंच असतं, ती खरी संधी. कधी मात्र ज्यासाठी जायचं तेच बंद असतं. एप्रिलअखेर ते मेअखेर आणि नोव्हेंबरमध्ये आल्प्समधल्या अनेक रोपवे देखभालीसाठी थांबवतात, उंचावरचे घाट बर्फामुळे बंद असतात. थायलंडची सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. पेरूत माचू पिचू या प्राचीन शहराकडे पायी नेणारा इंका ट्रेल दर फेब्रुवारीत बंद असतो, माचू पिचू मात्र चालू असतं. मध्य भारतातल्या व्याघ्र प्रकल्पांचे कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतात. हिवाळ्यात ग्रीसच्या लहान बेटांवर बोटी कमी होतात आणि बरीच हॉटेलं कुलूप लावून बसतात.

उपाय साधा आहे. सहलीत करायच्याच अशा तीन गोष्टी लिहून काढा आणि प्रत्येक गोष्ट त्या तारखांना चालू आहे का, ते तिच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा थेट फोन करून बघा. ‘साधारण चालू असतं’ या उत्तरावर तिकिटं काढू नका.

तिथल्यांच्या सुट्ट्या न बघणं

आपण आपल्या मुलांची सुट्टी बघतो, तिथल्या लोकांची बघत नाही. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा हा ‘गोल्डन वीक’, तेव्हा अख्खा देश प्रवासाला निघतो आणि रेल्वेत जागा मिळणं कठीण होतं. चीनमध्ये ऑक्टोबरचा पहिला आठवडा तसाच. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास शहरातली कितीतरी छोटी दुकानं बंद असतात, कारण मालक स्वतः समुद्रकिनारी गेलेले असतात. तारखा एक आठवडा मागेपुढे केल्या तरी मोठा फरक पडतो.

निसर्गाला तारीख देणं

फुलं, पानगळ, स्थलांतर यांचे दिवस दरवर्षी हलतात. क्योटोत २०२१ साली चेरीचा पूर्ण बहर २६ मार्चलाच आला. बाराशेहून अधिक वर्षांच्या नोंदींत तोवर तो इतक्या लवकर आला नव्हता. आणि पूर्ण बहर टिकतो जेमतेम आठवडाभर. अशा सहलीचा मुख्य बेत दुसराच ठेवा, फुलं मिळाली तर आनंदच. मुलांना ‘आपण फुलं बघायला चाललोय’ असं सांगून नेलं आणि झाडं रिकामी दिसली, तर सगळ्या सहलीवर विरजण पडतं.

बुकिंग झालंय आणि वेळ चुकलीय, आता?

सगळं रद्द करण्याआधी पुढच्या गोष्टी करून बघा.

ऊन फार असणार असेल तर उंची वाढवा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे त्याच भागात दोन तास वर गेलं तरी हवा बदलते. ते शक्य नसेल तर दिवस दोन तुकड्यांत मोडा: पहाटे ते दहा बाहेर, मग चारपर्यंत आत, संध्याकाळी पुन्हा बाहेर. त्यासाठी हॉटेल बघायच्या जागांच्या जवळ हवं, लांबचं स्वस्त हॉटेल इथे महागात पडतं.

पाऊस आडवा येणार असेल तर दुसरा किनारा किंवा डोंगरापलीकडची बाजू बघा, बऱ्याचदा ती कोरडी असते. आधी फक्त पहिल्या दोन रात्रींचं बुकिंग पक्कं ठेवा आणि बाकीचं फुकट रद्द करता येईल असं घ्या. खवळलेल्या समुद्रात बोट रद्द झाली तर हट्ट धरू नका. बेटावरून परतीचं विमान पकडायचं असेल तर मधे एक पूर्ण दिवस मोकळा सोडा.

वादळांच्या हंगामात जाणार असाल तर विम्याची तारीख महत्त्वाची. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर, बंगालच्या उपसागरात एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर असा हा काळ असतो. वादळ जाहीर झाल्यानंतर काढलेला प्रवास विमा सहसा त्या वादळामुळे झालेलं नुकसान भरून देत नाही. म्हणून तिकिटं काढाल त्याच दिवशी विमा काढा आणि प्रवास रद्द करण्याच्या अटी त्याच बैठकीत वाचून घ्या.